बादलीवाले रोहिदास सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो: रोहिदास दोधू पाटील. नाव सांगतो आणि लगेच मला राग येतो. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

रोहिदास सर आम्हाला नंदुरबारच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. शेवटच्या वर्षाला तिघा-चौघांनी मिळून एक सॉफ्टवेअर तयार करायचं असतं. बाकीच्या गटांचे सर महिन्यातून एकदा विचारत, "कुठपर्यंत आलं?" पोरं म्हणत, "होत आलंय सर." सर म्हणत, "छान." झालं त्यांचं. आमचा गट मात्र रोज सकाळी पावणेआठला लॅबबाहेरच्या व्हरांड्यात उभा असे, आणि ज्याची बोलायची पाळी त्याच्या हातात रोहिदास सर पाण्याने काठोकाठ भरलेली बादली देत.

लोखंडी बादली. कडी हातात रुतणारी. बादली हातात असेपर्यंत बोलायचं: काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय. बादली जमिनीला टेकली की बोलणं संपलं. पाणी सांडलं तर नळावर जाऊन पुन्हा भरून आणायची.

"इंग्रजी पुस्तकात लिहिलंय, मिटिंग उभ्याने घ्या, म्हणजे लांबत नाही," सर म्हणाले. "ते त्यांच्या देशात. आपली पोरं एस. टी. स्टँडवर वाढलेली आहेत. उभ्याने दोन तास बोलतील."

आमच्या गटात आम्ही तिघं होतो, आणि सर आम्हाला आमच्या गावाच्या नावाने हाक मारत. मी 'विसरवाडी'. हर्षाली 'सारंगखेडा'. ती केळी-कापूसवाल्या गुजर घरातली, बोलण्यात काटकसरी. तीन वाक्यं बोलून बादली खाली. तिसरा गुलाब पावरा, तो 'काठी'. सातपुड्यात डोक्यावर पाणी वाहून मोठा झालेला. त्याने पहिल्या दिवशी बादली धरून अकरा मिनिटं भाषण केलं, हातसुद्धा बदलला नाही. सर घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "काठी, तुन्हाकरता टाकी आननी पडी."

कॉलेजात सर शाळेतल्या पुस्तकासारखी मराठी बोलत. राग आला की अहिराणी. त्यामुळे शुद्ध मराठी आम्ही फार कमी ऐकली.

त्यांना राग कशाचा येई? "होत आलंय" याचा. "थोडंच राहिलंय" याचा. सगळ्यात जास्त राग "काही अडलं नाही सर" याचा. हे वाक्य ऐकलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. "काहीच अडेल नही? कॉम्प्युटरमा काहीच अडत नही असा मानूस मी अजून दखेल नही! बादली धरीसन खोटं बोली ऱ्हायना?"

या सगळ्या पद्धतीला इंग्रजीत अजाईल म्हणतात. त्याचा अर्थ सरांनी आम्हाला एका वाक्यात सांगितला होता. "रात्रपाळीचं पाणी भरलंय ना कधी शेतात? मोटार चालू करून घरी झोपलं तर पाणी कुठे फुटलं ते कळतं का? बांधावर चालत राहावं लागतं. फुटलं की तिथल्या तिथे मातीचं ढेकूळ. एवढंच आहे अजाईल. बाकी सगळी पुस्तकं विकायला लिहिलीत."

मला शेत नाही. माझ्या वडिलांचं विसरवाडीला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. पण मला समजलं.

कामांची पाटी लावायला रंगीत चिकट कागद लागतात, असं पुस्तकात होतं. सरांनी लग्नपत्रिका आणल्या. त्यांच्याकडे पिशवीभर जुन्या पत्रिका होत्या. मागची कोरी बाजू वर करून, खळ लावून, व्हरांड्याच्या भिंतीवर तीन रांगा: करायचं, करतोय, झालं. वारा आला की पत्रिका उलटत आणि 'लॉगिनचं पान' या कामाच्या जागी कुणाचे तरी चि. आणि चि. सौ. कां. दिसू लागत. एकदा तपासणीला आलेले पाहुणे बराच वेळ त्या भिंतीपुढे थांबले आणि म्हणाले, "कॉलेजच्या स्टाफमध्ये बरीच लग्नं दिसतायत या सीझनला." प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दर पंधरा दिवसांनी, जेवढं तयार झालं असेल तेवढं, ज्याच्यासाठी करतोय त्याला दाखवायचं, हा दुसरा नियम. आमचं सॉफ्टवेअर वसतिगृहाच्या मेससाठी होतं. कोण जेवणार, कोण नाही, हे पोरांनी मोबाईलवर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे अन्न वाया जाणार नाही. त्यामुळे आमचा ग्राहक म्हणजे मेसच्या चिंधामावशी. प्रोजेक्टर वगैरे काही नाही. सर आम्हाला लॅपटॉप घेऊन थेट स्वयंपाकघरात नेत आणि तव्यापासून चार हातांवर उभं करत.

मावशी पदराने हात पुसून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत. "हाई बटन दाबीसन बट्टी व्हई जाई का रे पोरेहो?"

"नाही मावशी. किती बट्ट्या करायच्या ते कळेल."

"ते तं माले आतेबी समजस," मावशी म्हणत आणि परत तव्याकडे वळत.

सर खूश होत. "ऐका! ग्राहक काय म्हणतोय ते ऐका! तिला आकडा मोठ्या अक्षरात पाहिजे. चष्मा नाही तिच्याकडे." आणि भिंतीवर आणखी एक लग्नपत्रिका चढे.

होळी आली तेव्हा गुलाब आठ दिवस गावी जाणार होता. काठीची होळी सोडून तो कुठेही थांबला नसता, आणि सरांनी थांबवलंही नसतं. त्यांनी पत्रिका घेतली, तिच्यावर लिहिलं 'गुलाब: होळी' आणि ती स्वतःच्या हाताने 'करतोय'मध्ये चिकटवली. दुसऱ्या गटाचे सर हसले. रोहिदास सर म्हणाले, "काम आहे ते. काम दिसलं पाहिजे."

आता माझ्यावरच्या उपकाराचं सांगतो. दुसऱ्या वर्षानंतर मी कॉलेज सोडून दुकानावर बसलो होतो. पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर वडिलांची सही पाहिजे होती आणि वडील म्हणत होते, बास झालं शिक्षण. एके दुपारी सर मोटारसायकल ढकलत दुकानावर आले. मागचं चाक बसलेलं. वडिलांनी ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, सगळीकडून फिरवली. बुडबुडा येईना. इकडे सर बोलत होते: माझ्याबद्दल, मार्कांबद्दल, मुलगा हुशार आहे पण मुखदुर्बळ आहे, याबद्दल. अर्ध्या तासाने वडील वैतागले. "मास्तर, ट्यूबले भोकच नही."

"माहीत शे," सर म्हणाले. "हवा मीच सोडेल शे."

"काबरं?"

"तुम्ही एक जागावर अर्धा तास बठाले जोयजे, म्हनीसन."

वडिलांनी काळ्या बोटांनी सही केली. त्या फॉर्मवर त्यांच्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग होता. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे त्या डागामुळे.

असा माणूस. मग राग कशाचा? सांगतो.

रोहिदास सर कायम नोकरीवर नव्हते. तासावर होते. दर वर्षी जूनमध्ये नवी यादी लागे; तिच्यात नाव असलं तर वर्षभर शिकवायचं. नऊ वर्षं त्यांचं नाव लागत होतं. पण प्राचार्यांना ती बादली, त्या पत्रिका, स्वयंपाकघरातली ती प्रात्यक्षिकं हे काहीच आवडत नव्हतं. जानेवारीत त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "या वर्षी तुमच्या पद्धतीने काय होतं ते एकदा डोळ्यांनी दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षीच्या तासांचा विचार करावा लागेल." हर्षाली तेव्हा सहीसाठी केबिनबाहेर थांबली होती. तिने ऐकलं आणि येऊन आम्हाला सांगितलं. म्हणजे आम्हा तिघांना माहीत होतं, की आमचं सॉफ्टवेअर चाललं नाही तर सरांची नोकरी जाईल.

सरांनी प्राचार्यांना एका रविवारी दुपारी मेसमध्ये जेवायला बोलावलं. मेसचा रविवार म्हणजे वरण-बट्टी. त्या दिवशी पहिल्यांदा मावशी आमच्या आकड्यावर स्वयंपाक करणार होत्या.

आकडा मोजायचं काम माझं होतं. आणि त्या रविवारच्या नऊ दिवस आधी मला कळलं होतं, की माझ्या कामात एक चूक आहे. एखाद्या पोराने आधी 'जेवणार नाही' म्हटलं आणि मग विचार बदलून 'जेवणार' केलं, तर त्याच्या मोबाईलवर 'जेवणार' दिसे, पण माझ्या बेरजेत तो परत येत नसे. मी तीन दिवस झटापट केली. सुटेना.

आणि रोज सकाळी मी बादली हातात धरून म्हणत होतो, "काही अडलं नाही सर."

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. माझे वडील कधीही "जमणार नाही" म्हणत नाहीत. ट्रकवाला चिंध्या झालेली ट्यूब घेऊन येतो, विचारतो, "होईल का?" वडील म्हणतात, "होऊन जाईल." मग रात्रभर काहीतरी करतात. मोठ्या माणसापुढे, त्यातून आपल्यासाठी झटणाऱ्या माणसापुढे, "मला येत नाही" म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, असं मला वाटत होतं. ज्याने माझ्यासाठी टायरची हवा सोडली, त्याला मी काय सांगू? की तुमचा हुशार मुलगा बेरजेत अडलाय?

त्या दिवसांत सर ओरडतसुद्धा नव्हते. नुसतं विचारत, "नक्की? विसरवाडी, नक्की?" मी म्हणे, "नक्की सर." सर मान हलवत. मला वाटलं, आज सुटलो.

शुक्रवारी पाऊण वसतिगृहाने 'गावी जाणार, जेवणार नाही' असं कळवलं. शनिवारी सकाळी नोटीस लागली, सोमवारी चाचणी आहे. पोरं थांबली आणि सगळ्यांनी मोबाईलवर 'जेवणार' केलं. मावशीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात आकडा आला: अठ्ठावीस. मावशी म्हणाल्या, "इतलाच?" मी तिथेच उभा होतो. मी म्हणालो, "गावी गेले असतील."

हे मी म्हणालो. स्वतःच्या तोंडाने.

रविवारी साडेबाराला ताटं घेऊन शंभराच्या आसपास पोरं रांगेत आली. समोर पांढऱ्या शर्टात प्राचार्य. बट्टी म्हणजे भाकरी नव्हे, की पीठ घेतलं आणि थापली. जाडं दळलेलं पीठ मळायचं, गोळे उकडायचे, कापायचे, तळायचे. दोन तासांचं काम. अठ्ठावीस पोरांचं जेवण पंधरा मिनिटांत संपलं. मग ताटं वाजायला लागली. कुणीतरी ओरडलं, "मोबाईलवर जेवण पाठवा!" मावशी माझ्याकडे बघत होत्या.

प्राचार्य उठून गेले. रोहिदास सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि परातीपुढे बसून पीठ मळायला घेतलं. सगळ्यांच्या देखत. मी पुढे झालो तर म्हणाले, "लाकडं आण." शुद्ध मराठीत, म्हणजे राग नव्हताच. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सोमवारी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर उभा होतो.

"मोजायचं काम कोणाचं होतं?"

"टीमचं."

"मुलाचं नाव सांगा, पाटील."

"गट माझा आहे. माझं नाव लिहा."

मला आत जायचं होतं. दार दोन पावलांवर होतं. मी गेलो नाही. या गोष्टीचा राग मला कुणावर काढता येत नाही, कारण तिथे मी एकटाच होतो.

जूनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

यादी लागली त्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. नऊ वर्षं एकाच खोलीत राहिलेला माणूस. सामान म्हणजे एक कॉट, पुस्तकं आणि मिरचीच्या पोत्यात भरलेले कपडे. दार उघडं होतं. ते पाठमोरे, गावी वडिलांशी फोनवर बोलत होते. कॉलेजात ज्या भाषेत ते आमच्यावर खेकसत तीच अहिराणी, पण आवाज इतका हलका, की मला आधी वाटलं आत दुसरं कुणी आहे.

"हा आबा... नही, नही. ऑर्डर तं मागला वरीसलेच भेटी गयी ना. पर्मनंटच शे... हा. काहीच अडेल नही... जेवनू ना. तुम्ही गोळ्या ल्या टाईमवर."

फोन ठेवून ते वळले. मी दारात.

"ऐकलंस?"

"नाही सर."

"खोटं."

"हो सर."

ते कॉटवर बसले. मला वाटलं, आता बोललं पाहिजे. म्हणालो, "सर, आकड्याची चूक मला नऊ दिवस आधीपासून माहीत होती."

ते शांतपणे म्हणाले, "मला पाच दिवस आधीपासून. मी रोज संध्याकाळी तुमचं काम उघडून बघतो. सात-आठ ओळींचं काम होतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"वाटलं, तू सांगशील."

एवढंच. मग त्यांनी स्टोव्ह पेटवला, आम्ही चहा प्यायलो, आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. तेव्हापासून त्यांचा फोन बंद आहे. मी पास झालो, गुलाब पास झाला, हर्षाली पहिली आली. मला पुण्यात नोकरी लागली. दोन वर्षं मी तो नंबर लावतोय. गेल्या महिन्यात हर्षालीच्या वडिलांना बाजारात त्यांच्या गावचा माणूस भेटला, तो म्हणाला, "मास्तर केळीमा काम करी ऱ्हायनात. सुटीवर शेत." त्याच्याकडून पत्ता मिळाला. फोन लागत नाही म्हणून मी कागदावर पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं. ते असं:

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मी तुमच्यावर रागावलो आहे. आभाराचं पत्र चार वेळा लिहायला घेतलं, प्रत्येक वेळी हेच वाक्य आधी आलं, म्हणून आता तेच पहिलं ठेवलं आहे.

माझी चूक मी कबूल करतो. निकालानंतर मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, की मोजणी माझी होती आणि मी माहीत असून बोललो नाही. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "आता काय उपयोग?" अर्जाची पोच घेतली आहे, सोबत जोडतो.

पण तुम्हीही चुकलात सर. पाच दिवस तुम्ही थांबलात. मी सांगेन म्हणून. तुम्ही स्वतःची नऊ वर्षं एका मुखदुर्बळ पोराच्या तोंडावर लावलीत. आणि रविवारी पोरं उपाशी राहिली, मावशींना बोलणी बसली, ते वेगळंच. हे शिकवणं नव्हे. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसतं म्हणाला असता, "बेरीज दाखव," तर मी त्याच क्षणी रडून सगळं सांगितलं असतं. पुण्यात आमच्या गटात एक नवीन मुलगी आली आहे, बुलढाण्याची. तीन दिवस ती सगळ्याला "हो हो" म्हणत होती. मी चौथ्या दिवसाची वाट बघितली नाही. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. तुम्हाला सांगायचं होतं.

तुम्ही सुटीवर आहात असं कळलं. दोन वर्षांची सुटी कुठल्याच नोकरीत नसते, हे आबांनाही कळत असणार. माझे वडील म्हणतात, पोराचं तोंड बघून बापाला सगळं समजतं, तो फक्त विचारत नाही. मला वाटतं आबा तुमची वाट बघत असतील. तुम्ही माझी बघितलीत, तशी.

मी रविवारी येतोय. हर्षाली आणि गुलाबही आहेत. सकाळच्या पहिल्या गाडीने शहाद्याला उतरू आणि पुढे विचारत येऊ. आबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही तुमच्याआधी तोंड उघडणार नाही.

येऊ नका म्हणायचं असेल, तर फोन चालू करून म्हणा.

आपला,
विसरवाडी